तिलेकचे झबले

मी, कुचुकबाय सारिमसाकोव, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कोक-बुलाक, इसिक-कुल सरोवराचा दक्षिण काठ, जर्दाळूच्या गल्लीतले शेवटचे घर, आज शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता, माझ्यामागे काय व्हावे ते सांगून ठेवतो. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही अशी कोणाला शंका आली तर शेजारी सातीबाल्दी याला विचारावे. मागच्याच आठवड्यात कुंपणावरून आमचे भांडण झाले आणि गेल्या तीस वर्षांतला एकही मुद्दा मी विसरलो नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगतो आणि तुर्सुनाय लिहून घेते. ती निवृत्त शिक्षिका असून गावाबाहेर सामुदायिक शेतीच्या जुन्या गोठ्यात बेवारस कुत्र्या-मांजरांचा निवारा चालवते. या कागदाने निवाऱ्याला काही वस्तू मिळणार आहेत, म्हणून तिला साक्षीदार होता येत नाही. ती फक्त लेखनिक. मी बोलेन तसेच लिही, असे तिला बजावले आहे.

“व्याकरण तरी सुधारू का, बाइके?” असे तिने विचारले. थोरल्या भावाला म्हणावे तसे ती मला बाइके म्हणते.

“ते सुधार. मला सुधारू नकोस.”

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीकडे धरून सांगितले की जर्दाळूला मोहोर येईल तेव्हा मी असेनच असे नाही. हे माझी मुलगी बुरुल हिला कळवलेले नाही आणि कोणी कळवू नये. ती मॉस्कोत कपडे शिवण्याच्या कारखान्यात आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता तिचा फोन येतो. तिकडे बर्फ पडला का, पडला. इकडे पडला का, डोंगरावर पडला. असे आमचे बोलणे दहा वर्षे चालू आहे. हा कागद बंद पाकिटात राहावा आणि मी गेल्यावरच तिच्या हाती पडावा.

कलम पहिले. घर, मागचे अंगण, त्यातली सहा जर्दाळूची झाडे आणि मेंढ्यांचा रिकामा गोठा हे सर्व माझी एकुलती एक मुलगी बुरुल हिला मिळावे. यात आधी मी एक अट घातली होती. माझ्या कुत्रीला जन्मभर सांभाळले तरच घर, नाहीतर नाही, अशी. तुर्सुनायने ते वाक्य लिहिलेच नाही.

“आपण निवाऱ्यातून कुत्रं देताना काय सही घेतो?” ती म्हणाली.

“साखळीला बांधणार नाही, अशी.”

“मग मुलीला कशाला बांधताय?”

तेव्हा अट काढली. घर बुरुलचे. ती विको, राहो, कुलूप लावून परत जावो. कुत्रीचे पुढे सांगितले आहे.

कलम दुसरे, माझ्या दफनाविषयी. पत्नी सायराकान हिच्या डाव्या बाजूची जागा मी तेरा वर्षांपूर्वीच राखून ठेवली आहे. माझ्यासाठी घोडा कापू नये. मेव्हणे म्हणतील, लोक काय म्हणतील. लोकांना सांगावे की कुचुकबायने आयुष्यात पुरेसे मारले, मेल्यावर त्याच्या नावाने आणखी एक नको. रस्सा मेंढीचा करावा आणि हाडे वाया घालवू नयेत. ती कुठे न्यायची ते तुर्सुनायला ठाऊक आहे.

दफनाला आलेल्या प्रत्येकाला कापडाचा तुकडा देण्याची आपली रीत आहे. ती मोडू नये. लाल सुती कापड घ्यावे, वीतभर रुंद आणि हातभर लांब पट्ट्या फाडाव्यात. मात्र देताना प्रत्येकाला सांगावे की ही पट्टी कपाटात ठेवू नका. आपल्या गल्लीत जे कुत्रे उकिरड्यावर जगते त्याच्या गळ्यात बांधा. का, ते कलम सहामध्ये येईल. मुल्लासाहेब म्हणतील की कुत्रे शिरते त्या घरात फरिश्ते येत नाहीत. त्यांनी माझी काळजी करू नये. माझ्या घरात फरिश्ते येणे कधीच बंद झाले होते आणि त्यात कुत्र्याचा काही दोष नव्हता.

माझ्या बँकेच्या पुस्तकात जे काही शिल्लक असेल त्यातून हा खर्च भागवावा आणि उरेल त्याचा कोळसा घेऊन निवाऱ्यात टाकावा. डिसेंबरच्या आधी टाकावा. नंतर तो ओला येतो.

कलम तिसरे. माझ्या लग्नात आणलेली चाळीस लिटरची बिडाची कढई निवाऱ्याला द्यावी. द्यावी म्हणजे काय, ती अकरा वर्षे तिथेच चुलीवर आहे आणि रोज तिच्यात कुत्र्यांची लापशी शिजते. माझ्या थोरल्या वहिनीने दोनदा ती घरच्या जेवणावळीसाठी मागून नेली. मी राखेने घासून दिली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी रश्श्याची तारीफ केली होती. आता वहिनीने घशात बोटे घालण्यात अर्थ नाही, सगळे पचून गेले आहे.

कलम चौथे. काडतुसांचा चामडी पट्टा. बंदूक नगरपालिकेची होती, ती मी परत केली. पट्टा माझ्या वडिलांचा, रानडुकरांच्या शिकारीचा, अस्सल जाड चामड्याचा. तो उभा चिरून त्याचे कुत्र्यांसाठी गळपट्टे करावेत. मी मापून पाहिले आहे, मोठे चार आणि लहान दोन होतील. मी स्वतः कापायला बसलो होतो, पण सुरी हातात घेऊन तसाच बसून राहिलो, म्हणून हे काम दुसऱ्यावर टाकतो.

कलम पाचवे. शेजारी सातीबाल्दी याला माझी उंच शिडी द्यावी. ती सात वर्षे त्याच्याकडेच आहे, त्यामुळे नेण्याआणण्याचा त्रास नाही. हा माणूस निवाऱ्यातून एक तपकिरी कुत्रा घेऊन गेला आणि दहाव्या दिवशी परत घेऊन आला. कारण काय, तर भुंकत नाही. मी म्हटले, “तुझ्या घरात बोलायला मिळतं कुणाला?” त्यावरून आमचे दोन वर्षे बोलणे बंद होते. तो कुत्रा पुढे चुलीजवळ तीन हिवाळे जगला आणि न भुंकता गेला. सातीबाल्दीने मागच्या वर्षी गाडीभर वाळलेले गवत निवाऱ्यात आणून टाकले आणि कोणाला सांगितले नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठी शिडी. कुंपणाची हद्द मात्र मी म्हणतो तीच आहे.

कलम सहावे. आता माझ्या धंद्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

माझ्या आधी आईची तीन मुले दगावली होती. म्हणून आजीने माझे नाव कुचुकबाय ठेवले. कुत्र्याचे पिल्लू आहे असे समजून मृत्यूने दारावरून पुढे जावे, एवढीच तिची युक्ती. मृत्यू फसला आणि मी जगलो. ज्याला कुत्र्यांनी आपले नाव उसने दिले त्याने मोठेपणी काय केले, तर एकोणीस वर्षे नगरपालिकेच्या गाडीवर उभे राहून बेवारस कुत्री मारली. पहाटे चार ते सात. हिशोब ठेवला नाही. तो ठेवला जात असला तर दुसरीकडे कुठे तरी ठेवला जात असेल.

आमच्या टोळीला एकच नियम होता. ज्याच्या गळ्यात काही आहे, पट्टा, दोरी, चिंधी काहीही, त्याच्यावर गोळी नाही. गळ्यात काही आहे म्हणजे त्याचे कोणीतरी आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होते. त्या दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात जुन्या ओढणीच्या चिंध्या बांधत आणि आम्ही चिडत असू. पण नियम मोडत नसू. तो नियम आजही पाळतात. म्हणून लाल पट्ट्या.

कलम सातवे. हे बुरुलसाठी आहे. बाकीच्यांनी वाचले तरी चालेल. गावात तसेही काही झाकून राहत नाही, फक्त मी झाकले तेवढेच राहिले.

बुरुलला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा झाला. नाव तिलेक. दोन हजार अकराच्या ऑक्टोबरात तो चाळीस दिवसांचा झाला आणि तिच्या सासरी कुत्र्याच्या झबल्याचा समारंभ ठरला. आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मॉस्कोतला एखादा वकील वाचेल, म्हणून सांगतो. बाळाचे पहिले झबले चाळिसाव्या दिवशी उतरवायचे, त्यात मिठाई बांधायची, ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवून कुत्रे सोडायचे. गल्लीतली पोरे मागे धावतात, गाठ ओढतात, मिठाई वाटून खातात आणि झबले आईला परत आणून देतात. बाळाची पीडा कुत्रे घेऊन जाते आणि झबले घरी येते. घरी आले पाहिजे, हे महत्त्वाचे.

हे बायकांचे काम. पण सायराकान त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. बुरुल म्हणाली, “बाबा, आई नाही, तर तुम्हीच बांधा.”

तिच्या सासूने तोंड वाकडे केले. त्यांचा स्वतःचा कुत्रा चावरा, साखळीला होता. मग मी गल्लीत हाड घेऊन उभा राहिलो. गल्लीतली बाकीची कुत्री मला पाहून पळाली. मला ती सगळी ओळखत होती. एक कुत्री मात्र आली. वर्षभराची असेल, अंग काळे, छाती पांढरी. ती गावात नवी होती, म्हणून आली. माझ्या हातातून हाड घेतले आणि मी गाठ बांधेपर्यंत शांत उभी राहिली.

गाठ मी शिकाऱ्याची बांधली. तीच मला येत होती. ओढली की आणखी आवळते. सायराकानने सुटी गाठ बांधली असती, पोराने शेपूट धरून ओढले की हातात येणारी. पोरे धावली, ओढले, पण झबले निघाले नाही. कुत्री घाबरली आणि कुंपणाखालून निसटली ती गेलीच. संध्याकाळपर्यंत शोधली. सासू म्हणाली, “झबलं गेलं, म्हणजे काय राहिलं?” बुरुल बाळाला छातीशी धरून पायरीवर बसली होती.

दुसऱ्या पहाटे माझी पाळी होती. सरोवरावरून धुके आले होते. बाजाराच्या मागे, कसायांच्या दुकानांजवळ, एक कुत्रे धुक्यातून सरळ माझ्याकडे आले. माझ्याकडे कुत्री कधी येत नसत. मला वाटले पिसाळलेले आहे. मी गोळी झाडली.

ती आदल्या दिवशीच्या हाडासाठी आली होती. मला ओळखून आली होती. झबले चिखलाने काळे होऊन गळ्यावरून पोटाखाली सरकले होते आणि मी पाहिले नव्हते. एकोणीस वर्षांत गळ्यात काही असलेल्या कुत्र्यावर मी झाडलेली ती एकच गोळी. मागच्या उजव्या पायाला लागली. दुसरी गोळी झाडायची रीत होती, ती मी झाडली नाही. झबले कापून खिशात घातले, तिला पोत्यात गुंडाळले आणि तुर्सुनायच्या गोठ्यावर नेले. ही बाई आमच्या गाडीवर दगड मारायची, म्हणून मला तिचे ठिकाण ठाऊक होते.

“गोळी कुणाची?” तिने विचारले.

“माझी.”

“मग इथं कशाला आणलीत?”

मी पोते खाली ठेवले. तिने पोते उघडले, पाहिले आणि म्हणाली, “उभे काय राहिलात, पाय धरा तिचा.” पाय काढावा लागला. मी धरून होतो.

(इथे तुर्सुनायने लेखणी खाली ठेवली. झबल्याचे तिला आजच कळले. मी म्हटले, लिही. ती लिहिते आहे.)

झबले मी धुतले आणि पेटीत ठेवले. वाटले होते की चार दिवसांनी सांगेन, सापडले म्हणून. पण त्यावर एक डाग राहिला होता. कशाचा, असे कोणी विचारले असते तर काय सांगणार होतो? आठवडा गेला. बुरुल आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही रोज बाजारामागं जाता. ते झबलं कुठं दिसलं नाही ना?”

मी म्हटले, “नाही दिसलं.”

फेब्रुवारीत तिलेक गेला. छातीत कफ भरला, जिल्ह्याला नेईपर्यंत उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, या वर्षी अशी अनेक बाळे आली. झबल्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मला कळते आणि बुरुललाही कळत असेल. पण तिच्या सासूने सगळ्या बायकांसमोर म्हटले, “झबलं सांभाळता आलं नाही, ती पोर काय सांभाळणार.” आणि मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो, ऐकत होतो. झबले माझ्या घरी होते. कुत्री जिवंत होती. काहीही हरवलेले नव्हते. मी उठून एवढे म्हणायला हवे होते. नाही म्हटले. तेव्हा मला लाज वाटली, एवढेच कारण. त्याहून मोठे कारण मी बारा वर्षे शोधतो आहे, पण सापडत नाही.

दुखवट्याचे दिवस झाल्यावर बुरुलने पुन्हा एकदा विचारले, “खरंच कुठं दिसलं नाही, बाबा?” तेव्हाही मी नाही म्हटले. दोन वर्षांनी तिचा संसार मोडला आणि ती मॉस्कोला गेली.

नोकरी मी तिलेक गेल्यावर मार्चमध्येच सोडली होती. दर रविवारी कसायाकडची हाडे घेऊन गोठ्यावर जात असे. छप्पर शाकारले, दारे बसवली. त्या तीन पायांच्या कुत्रीला कोणी नेत नव्हते. लोक येत, राखण करील असे धट्टेकट्टे कुत्रे मागत. शेवटी मी म्हटले, मी नेतो. तुर्सुनायने सर्वांना देते तोच अर्ज पुढे ठेवला.

“पूर्वी कुत्रं पाळलंय?”

“नाही.”

“कुत्र्यांचा अनुभव?”

तिने माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच लिहिले, आहे. मग म्हणाली, “बाइके, मी दर महिन्याला येऊन बघणार. सगळ्यांकडे जाते तशी.” ती आली. अजून येते.

कुत्रीचे नाव आकतोश. पांढऱ्या छातीच्या कुत्र्याला आपल्याकडे दुसरे नाव देत नाहीत. बुरुलला मी तिच्याबद्दल कधी सांगितले नाही. फोनवर भुंकणे ऐकू आले तर म्हणायचो, सातीबाल्दीचे कुत्रे. सातीबाल्दीकडे कुत्रे नाही. चार वर्षांपूर्वी बुरुल आठ दिवस आली, तेव्हा आकतोशला मी तुर्सुनायच्या गोठ्यावर ठेवले होते. बुरुलने जाजमावरचा एक केस उचलून विचारले, “हा कसला, बाबा?”

“मेंढीचा.”

“मेंढ्या विकल्यात ना तुम्ही?”

मी चहा ओतत राहिलो. तिने तो केस खिडकीतून बाहेर सोडला आणि पुन्हा विचारले नाही. ती जायच्या दिवशी बसथांब्यावर मी सांगणार होतो. बस वेळेवर आली. मागाहून घरी येऊन मी खूप रडलो, हे लिही तुर्सुनाय, गाळू नकोस.

कलम आठवे. आकतोश. आज ती तेरा वर्षांची आहे. बुरुलची इच्छा असेल तर तिने न्यावी किंवा इथे राहून सांभाळावी. नसेल तर तुर्सुनायने स्वतःच्या घरी न्यावी, गोठ्यात नको. तिथल्या तरुण कुत्र्यांत तिचा निभाव लागणार नाही. जो कोणी सांभाळेल त्याच्या माहितीसाठी सांगतो. तिला साखळी, दोरी दाखवू नये. डावा कान बहिरा आहे. फटाके किंवा लग्नातल्या बंदुका वाजल्या की ती मेंढ्यांच्या रिकाम्या गोठ्यात जाते. तिथे जाऊन तिला ओढू नये, दाराशी बसून राहावे.

जेवण सकाळ-संध्याकाळ. जवाची लापशी, हाडाच्या पाण्यात, कोमट. ताटली दुसऱ्या जर्दाळूखाली ठेवावी आणि पाठ करून उभे राहावे. माणूस पाहत असेल तर ती खात नाही. मी सरोवराकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजतो आणि मागे न पाहता घरात जातो. माझ्या डोळ्यांसमोर तिने एकही घास घेतलेला नाही. माझी तक्रार नाही. एकदा तिने माझ्यासमोर खाल्ले होते, माझ्या हातातून, आणि त्याचे काय झाले ते वर सांगितले आहे. तिने मला माफ केले असे मला कधी वाटले नाही आणि तसे कोणी माझ्या थडग्यापाशी बोलू नये.

कलम नववे आणि शेवटचे. झबले. ते सायराकानच्या निळ्या पेटीत, तिच्या लग्नाच्या शालीखाली, कागदात गुंडाळलेले आहे. बुरुल, ते तुझे आहे. डाग गेला नाही. मी राखेने, मिठाने, सगळ्याने धुऊन पाहिले.

माझा चाळिसावा दिवस घालशील तेव्हा माझ्यासाठी एवढे कर. त्या झबल्यात मिठाई बांध आणि आकतोशच्या गळ्यात अडकव. गल्लीतल्या पोरांना बोलाव. तिलेक असता तर आज त्यांच्याएवढाच असता. ती म्हातारी आहे, तीन पायांची आहे, लांब जाणार नाही. पोरे तिला पहिल्या वळणावरच गाठतील आणि झबले तुला आणून देतील. बारा वर्षे उशिरा का होईना, ते घरी येऊ दे. फक्त गाठ सुटी बांध, तुझ्या आईसारखी.

एवढेच. मी तुला खोटे सांगितले. एकदा नाही, दर शुक्रवारी. तू काही हरवले नव्हतेस.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खूण केलेल्या जागी चाचपून सही करतो.

कुचुकबाय सारिमसाकोव (सही)

साक्षीदार पहिला: सातीबाल्दी, शेजारी. शिडी मला नको, ती माझ्याकडे आहेच, म्हणून मी साक्षीदार होऊ शकतो. कुंपणाबद्दलचे वाक्य मला मान्य नाही. बाकी सगळे माझ्यासमोर वाचले. (सही)

साक्षीदार दुसरी: सालकिन, गावच्या दवाखान्यातील परिचारिका. लिहून देणारे शुद्धीत होते आणि त्यांनी आपण होऊन सही केली. (सही)

ठिकाण: कोक-बुलाक. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार.

लेखनिकाची नोंद. ही नोंद सह्या झाल्यावर मी माझ्या जबाबदारीवर लिहीत आहे आणि बाइकेंना वाचून दाखवलेली नाही.

कलम आठमधील एक गोष्ट बरोबर नाही. दर महिन्याच्या तपासणीला मी येते तेव्हा फाटकातून आत पाहते. गेले तीन हिवाळे मी पाहते आहे की बाइके पाठ करून मोजायला लागतात आणि पन्नासच्या आत आकतोशचे खाऊन होते. मग ती तीन पायांवर त्यांच्या मागे येते आणि त्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाला नाक लावून उभी राहते. ते शंभर पुरे करून चालू लागेपर्यंत ती हलत नाही. कोट जाड आहे, त्यांना कळत नाही. ते वळत नाहीत, म्हणून त्यांना दिसत नाही. मी हे त्यांना सांगितले नव्हते. सांगितले तर ते एकदम वळतील आणि ती बिचकेल, अशी भीती वाटली. आज हे सगळे लिहून घेतल्यावर वाटते, मी चूक केली.

पाकीट मृत्यूनंतर उघडावे आणि आजार कळवू नये, असे त्यांनी सांगितले आहे. ते मी जसेच्या तसे लिहिले आहे. पाळेन असे मी म्हटलेले नाही.

आत्ता ते दुसऱ्या जर्दाळूखाली ताटली ठेवून सरोवराकडे तोंड करून उभे आहेत. ती मागे उभी आहे. सहाला दहा मिनिटे कमी आहेत. फोन माझ्यासमोर टेबलावर आहे आणि आज तो मी उचलणार आहे.

तुर्सुनाय, लेखनिक (सही)